वईची मुदत

लाकडाची मेढ कुजते ती मातीच्या तोंडाशी. वरचा भाग वर्षानुवर्षं टिकतो, जमिनीत हातभर गाडलेलं टोकही पुष्कळदा शाबूत निघतं. जातात ती मधली चार बोटं. तिथं ओलही असते आणि हवाही, आणि बुरशीला दोन्ही लागतं. लाकूड नीट सुकलेलं असलं, त्यातली ओल 20 टक्क्यांच्या खाली असली, तर बुरशी त्याला धरत नाही. डोहाच्या तळाशी बुडालेल्या लाकडालाही ती धरत नाही, कारण तिथं तिला हवा मिळत नाही. धोका असतो तो काठावर. पेठ तालुक्यात मृग लागल्यापासून दसरा उलटेपर्यंत हा काठ सुकतच नाही.

आमचा तालुका नाशिक जिल्ह्यात मोजला जातो, पण पावसाच्या हिशेबानं तो कोकणचाच. सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून इकडं आलं की हवा बदलते. समुद्र इथून सरळ रेषेत 70-75 किलोमीटरवर. त्याचे ढग आमच्या डोंगरांवर येऊन रिते होतात आणि ते पाणी दमणगंगेतून, पार नदीतून त्याच समुद्राला परत जातं. वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच जिल्ह्यातल्या येवल्याला जेमतेम त्याच्या चौथाईएवढा. येवल्याकडं बापानं पुरलेल्या बाभळीच्या खुंटाला मुलगा गुरं बांधतो. आमच्याकडं हलक्या, पांढऱ्या लाकडाची मेढ दोन पावसाळे काढते. सागाच्या किंवा खैराच्या गाभ्याची असली तर पुष्कळ अधिक, पण कायमची कोणतीच नाही.

मी करंजाळीच्या बाजूचा, कोकणा घरातला. प्राथमिक शाळेत नोकरी केली, आता घरची भाताची खाचरं आणि थोडं नागलीचं वरकस बघतो. वई, म्हणजे शेताचं कुंपण, घालण्याचं काम मी लहानपणापासून करत आलो आहे आणि ते करताना एक प्रश्न माझ्याबरोबर असतो. जी सीमा जमीन स्वतः दरसाल खाऊन टाकते, तिच्यावर माझा हक्क येतो कुठून? आणि ती पुन्हा उभी करतो तेव्हा मी कर्तव्य करत असतो की नुसतं ममत्व जोपासत असतो? लोकांना हा सुतारकीचा विषय वाटतो. मला तो धर्माचा वाटतो, आणि म्हणून आधी काम कसं होतं ते सांगतो, कारण उत्तर मला कामातच सापडलं आहे.

वईचं काम वैशाखात निघतं. भात-नागलीची रोपं टाकायची जागा पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून भाजून झाली, म्हणजे राब झाला, की पहिली वई तिच्याभोवती. मग खाचरांच्या वाटेकडच्या अंगाला. जुन्या मेढी एकेक करून हलवायच्या. हलते ती उपटायची. न हलणारीच्या बुडाशी माती उकरून कोयत्याचं टोक दाबायचं. टणक लागलं तर माती परत दाबायची, टोक रुतलं तर तीही काढायची. नव्या मेढीचं गाडायचं बूड जमिनीच्या वर वीतभर येईल इतकं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजतात. हल्ली काही जण ट्रॅक्टरचं जळकं ऑईलही फासतात. माथा सपाट ठेवायचा नाही, तिरपा छाटायचा, म्हणजे पाणी तिथं बसून आत मुरत नाही. पहारीनं खड्डा, तळाशी दगड, मग मेढ, चहूबाजूंनी पुन्हा दगड ठोकून माती. मेढींना आडवे बांबू, बांबूंत कारवीच्या काठ्या उभ्या विणायच्या. बांधायला मुरुडशेंगेच्या सालीचे बंध. पुष्कळ जण आता तार वापरतात. मी टाळतो, कारण तारेचा तुकडा खाचरात पडला की आवणीच्या वेळी चिखलात कुणाच्या तरी पायात जातो.

बांबू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला हवा. पावसात तोडलेल्या कोवळ्या बांबूला भुंगा लागतो आणि थोड्याच महिन्यांत त्यातून पिवळी भुकटी गळू लागते. जुनी माणसं तो अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवतात. पाण्यात ठेवण्याचं कारण मला पटतं. भुंग्याला जे पीठ हवं असतं ते धुऊन जातं. पंधरवड्याचं मी मानतो, कारण बा मानायचे. कारवीची गोष्ट वेगळी. ती सात-आठ वर्षांतून एकदा डोंगरभर फुलते आणि फुलून मरते. मग वाळलेल्या काठ्या उभ्याच्या उभ्या मिळतात, आणि त्या साली कुणाच्याही वईला काही कमी पडत नाही.

कुजलेली मेढ कुणी टाकत नाही. कुजका भाग छाटला की हातभर आखूड मेढ उरते, ती परसातल्या भाजीच्या वईला जाते. तिथंही बूड गेलं की ती काकडीच्या वेलाला आधार होते. मग चूल. आणि चुलीतली राख पुन्हा राबाच्या जागेवर, जिच्याभोवती ती कधी काळी उभी होती. मिलिंद राजा रथात बसून आला तेव्हा नागसेन भिक्षूनं त्याला विचारलं होतं की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, आणि यातलं काहीच रथ नसेल तर तू आलास कशात? आमच्या वाटेकडच्या वईत बांच्या हातची एकही मेढ आज उरलेली नाही, एकही बंध नाही, तरी गाव तिला अजून त्यांचीच वई म्हणतं. नागसेनाचं उत्तर असं की रथ हे एकत्र आलेल्या भागांना दिलेलं नाव आहे. मला ते मान्य आहे, पण वईच्या बाबतीत ते पुरत नाही. तिच्यात भागांपलीकडचं काहीतरी दरसाल टिकून राहतं, आणि ते म्हणजे गावाशी असलेला करार.

त्या कराराचे दोन भाग आहेत. मृगाच्या आधी शेतकऱ्यानं वई धड करायची. ती धड असेतोवर गुराखी आपली गुरं बाहेर ठेवील. धड वई मोडून जनावर आत शिरलं तर दोष जनावराच्या धन्याचा. वई मोडकी असताना शिरलं तर शेतकऱ्यानं बोलायचं नाही. इंग्रजांनी 1871 साली कोंडवाड्यांचा कायदा केला, दंड आणि खुराकीचे दर ठरवले. पण गावातला निवाडा आजही चार जाणती माणसं जाऊन मेढ हलवून बघतात तिथंच होतो. हा पहिला भाग सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा भाग असा की भात, नागली, वरई घरात आली, खळं झालं, की वईला वाट पाडायची. त्यानंतर कुणाचंही जनावर कुणाच्याही खाचरात चरतं. धसकटं खातं, शेण टाकतं, बांधावर बसून रवंथ करतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माझं शेत हे गावाचं रान. सातबाऱ्यावर नाव माझंच असतं, पण त्या महिन्यांत मी कुणाच्या म्हशीला दगड मारून हाकललं तर गाव मला जाब विचारील, आणि ते योग्यच होईल.

रूसो या विचारवंतानं 1755 साली माणसामाणसांतल्या विषमतेवर निबंध प्रसिद्ध केला. ज्या पहिल्या माणसानं जमिनीला कुंपण घातलं आणि ती आपली म्हटली, त्याच्यापाशी तो पुढच्या किती तरी युद्धांचं आणि दुःखांचं मूळ नेऊन ठेवतो. त्याच वेळी कुणी ते खुंट उपटले असते तर, अशी त्याची हळहळ आहे. ते वाचताना मला आमचा श्रावण दिसू लागला. खुंट उपटणारा आमच्याकडं दरसाल येतो. वाळवी, बुरशी आणि पाऊस मिळून कुंपण घालणाऱ्याला पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवतात. इथं सीमा हवी का, कशासाठी हवी, कुठपर्यंत हवी, हे त्याला परत ठरवावं लागतं, आणि तेही शेजारी उभा असताना, कारण मेढ एकट्यानं पुरता येत नाही. एकानं धरावी लागते, दुसऱ्यानं ठोकावी लागते. सामाईक बांधावर मेढ धरणारा बहुधा तो शेजारीच असतो, ज्याच्या गुरांपासून ती वई आहे. त्याला जागा खटकली तर तो हात सोडतो. मोजणीच्या नकाशापेक्षा मला हा साक्षीदार मोठा वाटतो.

ममत्व सोडा, असं मी लहानपणी भजनात ऐकलं, मोठेपणी सप्ताहात ऐकलं, आणि मी ते मनापासून मानतो. पण नागलीच्या रोपाला ममत्व ठाऊक नाही. त्याला भुकेल्या बैलापासून आडोसा हवा असतो. घरातली पोरं ज्या नागलीची भाकरी वर्षभर खातात, ते रोप उघड्यावर सोडण्याला मी वैराग्य म्हणणार नाही. जैन परंपरेत ब्रह्मचर्याच्या रक्षणासाठी नऊ वाडी सांगितल्या आहेत. तिथंही आतलं व्रत मोठं आणि वाड त्याच्यासाठी. मग आडोसा कुठं संपतो आणि मालकीचा हव्यास कुठं सुरू होतो, हे ओळखायचं कसं? माझ्यापुरती मी एक कसोटी धरली आहे. रोपासाठी घातलेली वई रोप निघाल्यावर उघडता येते. उघडताना जर हात आखडला, तर ती वई रोपासाठी नव्हती.

आमच्या शिवेवर वाघदेव आहे, लाकडाचा. सागाच्या जाड फळीवर वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र कोरलेले, वर शेंदूर. पेठ, सुरगाणा आणि पलीकडच्या डांगात असे वाघदेव गावोगाव भेटतात. आश्विन वद्य द्वादशीला, शहरात वसुबारस असते त्या दिवशी, आमची वाघबारस. गुराखी पोरं शिवेवर जमतात, घरोघरचं धान्य गोळा करून तिथंच रांधतात, वाघदेवाला निवद दाखवतात आणि आमच्या गुरांना सांभाळ असं मागणं मागतात. ज्याचं भय, त्यालाच राखणीला उभं करायचं. गावाला तटबंदी नाही, कधीच नव्हती. शिवेवर एक फळी उभी करून वाघाशी बोलणं चालू ठेवलं, त्याची वाट बंद केली नाही. आता वाघ नाही, बिबट्या फिरतो. मागणं तेच आहे. सीमा म्हटलं की अडवणूक असं शिकलेल्या माणसाला पटकन वाटतं. वाघदेवाची सीमा दोघांसाठी आहे, गावासाठी आणि रानासाठीही, आणि ती भक्कम आहे कारण दोन्हीकडून पाळली जाईल असा तिच्यात विश्वास धरलेला आहे.

हा देवही कुजतो. त्याचंही बूड मातीच्या तोंडाशीच जातं. आमच्याकडं नवी फळी बसवताना जुनी उपटत नाहीत, शेजारी राहू देतात. ती आपल्या वेळेनं मातीत जाते. शाळेतल्या एका मुलानं मला विचारलं होतं, “गुरुजी, दोन्हीतला देव कोणता?” मी त्याला दोन्हींना हात जोडायला सांगितलं. ते उत्तर मला आजही बरोबर वाटतं. मध्यंतरी गावातल्या तरुणांनी सुचवलं की एकदाचा सिमेंटचा वाघदेव करू, रंगवू, म्हणजे कटकट मिटेल. त्यांची भक्ती खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण जी कटकट मिटेल तीच तर पूजा आहे, असं मी त्यांना म्हणालो. लाकूड निवडायला जंगलात जायचं, जुन्या कोरक्याकडून पोरानं शिकायचं, गावानं वर्गणी काढायची, हे सगळं देव कुजतो म्हणून घडतं.

जपानात इसे इथं सूर्यदेवतेचं महत्त्वाचं देवस्थान आहे, समुद्रापासून जवळ, पावसाच्या मुलखात. त्या देवळाचे खांब दगडी जोत्यावर बसवलेले नसतात, थेट जमिनीत पुरलेले असतात, आमच्या मेढींप्रमाणं, आणि भोवती लाकडी कुंपणांच्या एकामागून एक ओळी. जमिनीत पुरलेलं लाकूड कुजणार हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर सारं देऊळ, कुंपणांसकट, नव्या लाकडात उभारतात आणि देवतेला तिकडं नेतात. सातव्या शतकाच्या अखेरीपासून ही रीत आहे. मध्ये लढायांच्या काळात शंभरावर वर्षं खंड पडला, तरी ती पुन्हा उचलली गेली. 2013 साली झालेलं नवं देऊळ 62 वं, पुढचं 2033 साली. उतरवलेलं लाकूड इतर देवळांच्या डागडुजीला जातं. तिथल्या कारागिरांना दगड घडवता येत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांनी देवाला कुजणाऱ्या घरात ठेवायचं ठरवलं आणि ते ठरवणं तेरा शतकं पाळलं.

दगडाचं काय होतं ते पाहायला मात्र मला नाशिकपलीकडं जावं लागत नाही. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागावर वेदिका कोरली आहे, म्हणजे उभे खांब आणि त्यांत बसवलेल्या आडव्या पट्ट्या, हुबेहूब लाकडी वई. सांची आणि भारहूतच्या स्तूपांभोवतीही तीच दगडी वई होती. सुताराचं काम पाथरवटानं कोरून ठेवलं, कुजू नये म्हणून. सहलीला नेलेली आमची पोरं त्या वेदिकेला हात लावून म्हणाली, “गुरुजी, हे तर आपलंच!” त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

त्याच लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे लेख आहेत. राज्याच्या 18 व्या वर्षी त्यानं गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा दिली की पश्चिम काखडी गावातलं, पूर्वी उषवदाताच्या भोगात असलेलं 200 निवर्तनांचं शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. सवलतीही सांगितल्या. राजाच्या माणसांनी त्यात शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. शब्दांची याहून पक्की वई मी कुठं वाचलेली नाही, आणि तीही दगडात खोदलेली. त्यानंतर 24 व्या वर्षाचा लेख तिथंच खाली आहे. दिलेलं शेत कुणी कसत नाही, ते गाव वसत नाही, म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली 100 निवर्तनं भिक्षूंना द्यावीत, असं त्यात आहे. अठराशेहून अधिक वर्षं झाली, लेखाची अक्षरं अजून वाचता येतात. शेत सहा वर्षांतच पडीक झालं होतं. उषवदाताचा भोग गेला, सातवाहनांचं दान आलं, आणि दोघांच्याही सीमा राखायला तिथं मेढ हलवून बघणारा माणूस नव्हता. दोन लेखांमध्ये जी सहा वर्षं गेली त्यांत मला माझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं. हक्क कोरून ठेवता येत नाही. तो दरसाल हातानं करावा लागतो, आणि हात थांबले की तो सरतो.

हे लिहिताना एक गोष्ट मनाला टोचते आणि ती टाळून पुढं जाणं प्रामाणिक होणार नाही. आमच्या पुष्कळ लोकांना वई आणि बांध पिकापेक्षा पुराव्यासाठी घालावे लागले. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनी कागदावर जंगलखात्याच्या. 2006 साली वनहक्काचा कायदा आला; 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा, आणि पुराव्यांत घर, सपाटी, बांध अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीही धरायच्या असं ठरलं. तरी दावे रखडले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या मोर्चात आमच्या तालुक्यातली, सुरगाण्यातली, दिंडोरीतली माणसं होती, पायांना फोड आलेली. त्यांच्यापुढं उभं राहून मी वई उघडण्याचं पुण्य सांगू लागलो तर ती म्हणतील, आधी आमची होऊ द्या. ती खरं बोलतील. ज्याला कधी मिळालंच नाही त्याला सोडायला सांगणं हा धर्म नव्हे. माझी कसोटी ज्याच्या नावावर निर्वेध जमीन आहे त्याच्यासाठी आहे, म्हणजे आधी माझ्यासाठी.

आता तारेकडं येतो. आमच्या शेजारच्या काकींनी तीन अंगांनी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार घातली. काका गेले. मुलं-सुना दिवाळी झाली की द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडं जातात, ती आखाजीच्या सुमारास परततात. मेढ धरायला माणूस नाही. आत आंब्याची कलमं आहेत. 1982 साली गुजरातेत वांसद्याला बाएफ संस्थेनं आदिवासी शेतकऱ्यांसाठी आंबा-काजूच्या वाडीचा कार्यक्रम सुरू केला, पुढं तो आमच्या डोंगरातही आला, आणि त्यानं किती तरी घरांचं स्थलांतर कमी केलं. वाडी ही चांगलीच गोष्ट आहे. पण कलम बारा महिने उभं असतं. भाताबरोबर ते घरात येत नाही. म्हणून वाडीची वई उघडायची वेळच येत नाही, आणि कराराचा दुसरा भाग कुणी न मोडताच मोडतो.

मी काकींना म्हणालो, “काकी, तारेत वाटच ठेवली नाही. खळं झाल्यावर गुरं कुठून जायची?”

“गुरुजी, बैलानं शेंडा खाल्ला तर कलम दोन वरसं मागं पडतं. माझ्यापाशी दोन वरसं आहेत का?”

यावर मला लगेच काही बोलता आलं नाही. सिमेंटचा खांब तिच्यासाठी हव्यास नाही, तो तिच्या नसलेल्या माणसांच्या जागी उभा आहे. दरसाल वई नवी करण्यात जे काही मी वर सांगितलं, ते अंगमेहनतीवर उभं आहे, आणि मेहनत करणारे हात जर द्राक्षबागांत असतील तर एकट्या बाईनं ते ओझं वाहावं असं म्हणणारं तत्त्वज्ञान मला नको. माझं भांडण खांबाशी नाही. ज्या वईत झापासाठी, म्हणजे उघडता येणाऱ्या दारासाठी, जागाच सोडलेली नाही, तिच्याशी आहे.

कुणी म्हणतात, जिवंत वई लावा, सगळे प्रश्न सुटतील. पांगारा, गिरिपुष्प, शेर, मोगली एरंड. आषाढात फांदी खोवली की लागते. ज्या पावसात मेलेलं लाकूड कुजतं त्याच पावसात पांगाऱ्याचा खुंट पालवतो, हे पाहिलं की मला दरवेळी आनंद होतो. गिरिपुष्पाचा पाला खाचरात तुडवला तर खतही होतं, आणि बांधावरचा साग तोडायच्या परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. पण जिवंत वई सरकते. दोन पावसाळ्यांत ती हातभर शेजाऱ्याकडं पसरते, तिची सावली त्याच्या भातावर पडते, आणि छाटली नाही तर मालक काहीही न करता त्याची सीमा वाढत जाते. मेलेली मेढ हलवून बघायला जसं दरसाल जावं लागतं, तसंच हिला कोयता घेऊन जावं लागतं. तरी मी तीच लावतो आहे, कारण तिला झाप करायला सोपं जातं आणि छाटताना शेजारी पुन्हा शेजारी येतो.

गेल्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, 1996 च्या पेसा कायद्यानं गावाच्या रीती सांभाळायचा अधिकार ग्रामसभेला आहे. मग चराईची रीत तिथंच ठरली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की ज्यानं तार घातली आहे त्यानंही एक झाप ठेवावा. कलमं लहान असेतोवर प्रत्येक कलमाभोवती बांबूचा पिंजरा करावा, तो करायला गावानं हात द्यावा. शेंडा बैलाच्या तोंडाच्या वर गेला की खळ्यापासून आखाजीपर्यंत झाप उघडा राहावा. काहींना पटलं. बंधाऱ्याच्या पाण्यावर उन्हाळी भाजी करणाऱ्या दोघांनी विचारलं की आमच्या वांग्यांचं काय. त्यांचं बरोबर आहे. जिथं पीक उभं आहे तिथली मुदत संपलेली नाही, असं मी म्हणालो, आणि त्यांच्या पट्ट्यापुरती वेगळी वई घालून बाकीचं शेत मोकळं सोडता येईल का, यावर बराच वेळ बोलणं झालं. ठराव झालेला नाही. गुराख्यांपैकी एका पोरानं विचारलं की मग राखण कोण करणार, आम्ही शाळेत जातो. त्याचंही उत्तर द्यावं लागेल.

काकींनी झापाला होकार दिला आहे, ओढ्याच्या अंगाला, कारण तिकडची कलमं मोठी झाली आहेत. दुसऱ्या अंगाला इतक्यात नको म्हणाल्या. दोन मेढी लागतील. बुडं भाजून मी त्या तयार ठेवल्या आहेत. त्यांची मुलं आखाजीला आली की धरायला माणूस मिळेल.